यॉर्कचे इंजिन आणि त्याची वीतभर प्रतिकृती

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्क हे जुन्या तटबंदीचे आणि भव्य कॅथेड्रलचे शहर. बहुतेक प्रवासी स्थानकातून बाहेर पडताच त्या दिशेने वळतात. स्थानकाच्या मागील अंगाला, थोड्याच पावलांवर, १९७५ साली उघडलेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. ज्याला लोखंडाचा इतिहास वाचायचा आहे, त्याने प्रथम इकडे यावे.

या संग्रहालयाच्या मालकीचे सर्वांत लाडके इंजिन म्हणजे ‘फ्लाइंग स्कॉट्समन’. त्याची वीतभर लांबीची प्रतिकृती जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत विराजमान आहे. मूळ इंजिन आणि प्रतिकृती यांपैकी खरे रूप कोणी जपले, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

डॉनकास्टरच्या कारखान्यातून फेब्रुवारी १९२३ मध्ये हे इंजिन बाहेर पडले. रचनाकार नायजेल ग्रेस्ली, खर्च ७,९४४ पौंड. १९२४ च्या वेम्बली प्रदर्शनात कोवळ्या सफरचंदाच्या हिरव्या रंगात, ४४७२ हा क्रमांक मिरवीत ते लोकांसमोर उभे राहिले आणि घरोघरी पोहोचले. १ मे १९२८ रोजी त्याने लंडन ते एडिंबरा हे ३९२ मैलांचे अंतर न थांबता कापले. वाटेत चालक बदलता यावेत म्हणून कोळशाच्या टेंडरमधून एक बोळ काढला होता. रुंदी जेमतेम दीड फूट! धावत्या गाडीत त्यातून अंग चोरून जाणाऱ्या माणसांचे कौतुक इंजिनापेक्षा कमी का व्हावे? पुढे ३० नोव्हेंबर १९३४ रोजी त्याच्या ताशी १०० मैल वेगाची अधिकृत नोंद झाली.

खेळण्यांच्या कारखान्यांना असा नायक हवाच होता. हॉर्नबीने विसाच्या दशकातच त्या नावाचे इंजिन विकायला काढले. मूळ इंजिनाला सहा मोठी चाके, खेळण्याला चारच! मुलांनी ती मोजली नसावीत. नंतरच्या प्रतिकृती १:७६ या प्रमाणात आल्या. दोन मीटर व्यासाचे चाक सव्वीस-सत्तावीस मिलिमीटरवर आले. रूळ मात्र फसवे. प्रमाणानुसार त्यांच्यातील अंतर १८.८ मिलिमीटर हवे. प्रत्यक्षात ते १६.५ आहे. काही वर्षे तर मोटर टेंडरमध्ये बसवलेली असे, म्हणजे इंजिन गाडी ओढत नसून टेंडरच इंजिनाला ढकलत असे.

तरीही मूळ इंजिनाला हसण्याचा अधिकार नाही. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवून दुसऱ्या इंजिनाचा, तयार असलेला बॉयलर चढवायचा, ही डॉनकास्टरची नित्याची रीत होती. १९४७ मध्ये अधिक दाबाचा बॉयलर आला, पुढे दुहेरी धुराडे आले, १९६१ मध्ये धूर उडवणारे पत्रे बसले. क्रमांकही बदलत बदलत ६०१०३ झाला. १९६३ मध्ये ते भंगारात जाणार, तोच ॲलन पेग्लर यांनी ३,००० पौंडांना विकत घेऊन त्याला पुन्हा जुना हिरवा रंग दिला. त्यांनी ते अमेरिकेत नेले आणि तिथे त्यांचे दिवाळे निघाले. जहाजावर आगगाड्यांविषयी व्याख्याने देत ते मायदेशी परतले. इंजिन कॅलिफोर्नियात अडकून पडले. ते १९७३ मध्ये विल्यम मॅकअल्पाइन यांनी सोडवून आणले.

२००४ मध्ये संग्रहालयाने २३ लाख पौंड मोजून ते घेतले. दुरुस्ती २०१६ पर्यंत चालली आणि तिचा खर्च खरेदीहूनही अधिक झाला. ते बाहेर आले तेव्हा अनेक चाहते हिरमुसले. सफरचंदी छटा गेली होती. गडद हिरवा रंग, दुहेरी धुराडे आणि ६०१०३ हा क्रमांक होता. धुराडे उत्तरकाळातले, तर रंगही त्याच काळाचा हवा, हा तर्क रास्तच म्हणावा लागेल. वेम्बलीच्या रूपावर ज्यांचा जीव आहे, त्यांना मात्र आता प्रतिकृतीकडेच वळावे लागते. कपाटात ४४७२ आणि ६०१०३ शेजारी शेजारी उभी राहू शकतात. मूळ इंजिनाला एका वेळी एकाच वयात राहता येते.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी ते लंडनहून यॉर्कला निघाले, तेव्हा ही चर्चा कोणाच्या ध्यानी नव्हती. पुलांवर, शेतांच्या कडेला माणसेच माणसे उभी होती. काही उत्साही मंडळी तर थेट रुळांवर उतरली, आणि एकेकाळी न थांबता एडिंबरा गाठणारे इंजिन वाटेतच खोळंबले.