फाइन म्हणजे नेमकं काय?

माझे विषय उर्दू आणि मराठी. इंग्रजीचा तास माझा नसतो, तरी मुलं शब्दांचे अर्थ विचारायला माझ्याकडेच येतात. हातात गाईड असतं आणि गाईडात एका शब्दापुढे एकच अर्थ. फाइन म्हणजे छान. झालं!

पाचवीतल्या एका मुलीच्या वाचनालयाच्या कार्डावर लाल शाईत लिहिलं होतं, 'फाइन ५ रुपये'. तिला वाटलं, बक्षीस मिळालं. मोठ्या खुशीत मला दाखवायला आली. "अगं, हा दंड आहे," म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. पैसे भरले, पण पंधरा दिवस ती वाचनालयाकडे फिरकली नाही. दंडापेक्षा, ओळखीच्या शब्दाने फसवलं याचंच तिला जास्त लागलं होतं.

तिला मी सांगितलं की शब्द खोटा नाही. लॅटिनमध्ये 'फिनिस' म्हणजे शेवट. रक्कम भरून प्रकरणाचा शेवट केला, तो फाइन म्हणजे दंड. आणि एखादी गोष्ट शेवटापर्यंत, पूर्णत्वाला नेली की ती फाइन, म्हणजे उत्तम. फिनिश, फायनल आणि चक्क फायनान्ससुद्धा याच खानदानातले.

म्हणून समानार्थी शब्दांची यादी पाठ करून भागत नाही. शब्द कुणाशेजारी बसलाय ते बघावं लागतं. पीठ फाइन असेल तर ते बारीक (हा 'बारीक'ही फारसीतूनच आपल्याकडे आलेला). मलमल असेल तर मराठीत तलम, उर्दूत महीन. नक्षीकाम असेल तर नाजूक किंवा नफीस. 'तलम पीठ' म्हणून बघा बरं! आणि आपला 'दंड' तरी कुठे सरळ आहे? तो भरतात, थोपटतात आणि तालमीत काढतातही. आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांना 'शिक्षा' हा शब्द असाच अडवतो. हिंदीत ती तालीम, मराठीत सजा.

सगळ्यात अवघड फाइन मात्र हजेरीच्या वेळी ऐकू येतो. "कसा आहेस?" "फाइन, टीचर." उर्दूत खैरियत, मराठीत बरं आहे. ज्याच्या अब्बांचं काम सुटलंय तो मुलगाही त्याच सुरात फाइन म्हणतो. तिथे मी अर्थ सांगत बसत नाही. मधल्या सुट्टीत हळूच विचारते, "बेटा, डबा आणलास का?"