पर्वती चुकते ती घरातच

पुण्याच्या दक्षिण अंगाला असलेल्या पर्वतीवर आपण कधी पहाटे गेला असाल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. देवदर्शनाइतकीच तेथे व्यायामासाठी येणाऱ्यांची वर्दळ असते. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभारले. त्या मंदिराकडे नेणाऱ्या १०३ दगडी पायऱ्या आज साऱ्या शहराची खुली व्यायामशाळा झाल्या आहेत. कोणी एकदा चढून वरच्या कट्ट्यावर विसावतो, कोणी चार-पाच फेऱ्या मारतो, तर कोणी काठी टेकीत अर्ध्या वाटेवरून समाधानाने परततो. या पायऱ्यांना शुल्क नाही, साधनांची गरज नाही. तरीही नेमाने येणाऱ्यांची पर्वती चुकतेच. ती का चुकते, हे जाणण्यासाठी आपण या पायऱ्या सावकाश चढू या.

पायथ्याशी भेटते ते हवामानाचे कारण. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, आणि ओल्या पायरीवरून उतरण्याचे धाडस न करणे हे शहाणपणच होय. मात्र पर्वती बंद म्हणजे व्यायाम बंद, हा हिशेब चुकीचा आहे. पावसाळा दरवर्षी येतो, हे आपणांस ठाऊक असते. तेव्हा मे महिन्यातच त्याची तजवीज करून ठेवावी. इमारतीचा कोरडा जिना, घरातल्या घरात चालणे, झेपतील तेवढे सूर्यनमस्कार, यांपैकी काहीही चालेल. थंडीतली पहाट जड जात असेल, तर संध्याकाळी निघावे. व्यायाम पहाटेच झाला पाहिजे, असा दंडक नाही.

थोडे वर चढलो की दिसतो तो अतिउत्साह. नव्या वर्षाचा संकल्प सोडून आलेला माणूस पहिल्याच दिवशी पाच फेऱ्या करतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला खुर्चीतून उठवत नाही. पायऱ्या उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. सवय नसलेले स्नायू त्यामुळे दोन-तीन दिवस ठणकतात. हे दुखणे बहुधा आपोआप शमते, पण तेवढ्या अवधीत संकल्प मात्र विरून जातो. म्हणून पहिल्या आठवड्यात एकच फेरी करावी, तीही हवी तर अर्धी. ‘अजून थोडे जमले असते’ असे वाटत असतानाच घरी परतणे, ही उद्या पुन्हा येण्याची उत्तम तयारी होय.

मधल्या टप्प्यावर धाप लागते, गुडघे बोलू लागतात. चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत वेग बहुतेकांना पुरेसा असतो. गुडघ्याच्या वाटीवर चढताना पडतो त्याहून अधिक ताण उतरताना पडतो. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी पायऱ्यांचा हट्ट सोडावा. जवळच सारसबाग आहे, तेथे सपाटीवर चालावे. गुडघे दुखतात म्हणून चालणेच सोडले, तर मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि गुडघ्यांचा आधार आणखी कमी होतो. छातीत दुखणे किंवा दाटणे, भोवळ येणे, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागणे, या खुणांना मात्र ‘कारण’ समजू नये. तेथेच थांबावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

आता आपण माथ्यावर आलो आहोत. स्वच्छ हवेत येथून दूरवर सिंहगड दिसतो, आणि पायाशी पसरलेली असतात शहरातील असंख्य घरे. ‘वेळ नाही’ हे सर्वांत मोठे कारण त्या घरांत राहते. सकाळी सहा ते आठ या वेळात त्या घरांत काय चालते, ते आठवून पाहा. पाणी भरणे, चहा, डबे, मुलांची आंघोळ, शाळेची रिक्षा, वृद्धांची औषधे. घरातला एक जण बूट घालून बाहेर पडतो, तेव्हा दुसरे कोणीतरी हे सारे सांभाळत असते. बहुतेक घरांत ती गृहिणी असते. तिने ‘मला वेळ होत नाही’ म्हटले, तर तिला आळशी ठरवणे हा अन्याय आहे. तिला उपदेशाची नव्हे, तर मोकळ्या अर्ध्या तासाची गरज आहे, आणि तो घरातल्या माणसांनी कामे वाटून घेतली तरच तिला मिळेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तो सलगच हवा असेही नाही. सकाळची दहा आणि संध्याकाळची वीस मिनिटेही त्यात जमा होतात.

उतरताना एक शेवटचे कारण भेटते. पाहुणे आले, लग्नकार्य निघाले, ताप आला, चार दिवस खंड पडला. मग मन म्हणते, ‘आता मोडलेच, तर पुढच्या महिन्यापासून नव्याने.’ लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा जडतात याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा अडथळा आला नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाचा शोक करू नये, शक्य तितक्या लवकर पुन्हा निघावे. ताप येऊन गेला असेल, तर अंगात पुरेशी शक्ती आल्यावर थोडक्यापासून आरंभ करावा.

पर्वती चुकवणारी कारणे बहुधा खोटी नसतात. त्यांची व्यवस्था आदल्या दिवशी लावलेली नसते, इतकेच. आज रात्री जेवताना घरातल्या सर्वांनी मिळून दोन गोष्टी ठरवाव्यात. उद्याचा डबा कोण भरणार, आणि उद्या चालायला कोण जाणार? दोन्ही प्रश्नांची उत्तरे रोज एकाच व्यक्तीवर येऊन थांबत नसतील, तर त्या घराचा व्यायाम चुकण्याचे एक मोठे कारण तेथेच संपलेले असेल.