बोटीतली बढती

नाशिकच्या माणसाने जहाजांचा नाद धरावा हे मुळातच विसंगत आहे, असं आमच्या बँकेतल्या बऱ्याच जणांचं मत आहे. नाशिकला समुद्र नाही. समुद्राकडे तोंड करण्याची आमच्याकडे रीतही नाही. खुद्द गोदामाईचं बघा. जन्म त्र्यंबकेश्वरला, तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर. पण ही बया त्याच्याकडे पाठ फिरवते आणि १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते. हाकेवरची शाखा सोडून इतक्या लांब बदली मागून घेतल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या बँकेत तरी नाही.

असं कुणी टोचलं की मी त्याला पांडवलेण्यावर जायला सांगतो. तिथल्या दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे. एका लेखात त्याने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापणांची ठेव ठेवल्याची नोंद आहे. २००० वर दरमहा शेकडा एक, १००० वर दरमहा शेकडा पाऊण. थोडक्यात, मुदतठेवीची पावती, आणि तीही कुणी फाडू नये म्हणून दगडावर! त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात त्याने दमण, तापी, डहाणू वगैरे नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्याचं लिहिलं आहे. तेव्हा ठेवी आणि नावा हे दोन्ही एका छताखाली ठेवण्याची प्रथा नाशिकला जुनीच आहे. मी फक्त ती चालू ठेवली आहे.

गेली सहा वर्षं मी लाकडी जहाजांची मॉडेलं करतो. करतो म्हणजे रविवारी दुपारी, जेवणाच्या टेबलावर, रात्रीच्या पोळ्यांच्या आत टेबल पुसून परत देण्याच्या अटीवर. आजवर तीन झाली. पहिली साधी होडी. दुसरा मचवा. तिसरं दोन डोलकाठ्यांचं जहाज, आयतं किटातलं. फळ्या कापलेल्या, प्रत्येकीवर नंबर, बरोबर चाळीस पानांची पुस्तिका. ते पुरं झालं तेव्हा एक तुकडा उरला नाही, एक कमी पडला नाही. दिवसाची कॅश जुळावी तसं जहाज जुळलं.

आणि पंचाईत झाली ती तिथेच. हे जहाज करताना मला एकदाही डोकं खाजवावं लागलं नव्हतं. पान सतरा सांगेल ते हात करीत होते. डोकं आपलं रविवारची झोप काढत होतं. त्या रात्री जेवताना मी जाहीर केलं, "आता पुढचं जहाज जरा अवघड घ्यायचं."

सौ.ने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे बँकेत बढती नको आणि बोटीत हवी?"

बँकेत नसलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. मी बी.कॉम. होऊन क्लार्क म्हणून लागलो आणि बावीस वर्षं काउंटरच्या त्याच बाजूला बसलो आहे. बढतीच्या परीक्षेचं सर्क्युलर येतं, मी ते नीट वाचतो, घडी घालतो आणि खणात ठेवतो. कारण ऑफिसर झालं की बदली आली, आणि बदलीला नकाशाची लाज नसते. माझी कारणं दर वेळी खरी असतात. आधी आईचा उजवा गुडघा होता. मग कन्येची शाळा. मग आईचा डावा गुडघा.

असो. अवघड जहाज कुठलं घ्यावं याचा विचार मी कर्जाच्या प्रस्तावासारखा शिस्तीत केला. अर्जदार बरेच होते. आमच्या कॅशियरने पहिलं नाव सुचवलं ते इंग्रजांच्या 'व्हिक्टरी'चं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत नेल्सन जिच्यावर पडला ती. १७६५ सालची, १०४ तोफांची, आजही पोर्टस्मथच्या गोदीत उभी आहे. तिची दोरखंडं सरळ केली तर २६ मैल भरतात, म्हणजे ४२ किलोमीटर. नाशिकहून निघालेला दोर इगतपुरीच्या आसपास पोचेल. मॉडेल १:१०० चं धरलं तरी ४२० मीटर दोरा ओवायचा आला. डोळे जातील ते निराळेच.

शेजारच्या निवृत्त ओव्हरसियर काकांनी 'त्रिंकोमाली' पुढे केली. "अहो, इंग्रजांचंच करायचं तर निदान आपल्या मुंबईत बांधलेलं करा!" म्हणणं खरं होतं. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी ही लढाऊ नौका सागवानात बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगते आहे. दोनशे वर्षं टिकलेलं सागवान! आमच्या बँकेतली टेबलं बघितलेल्या माणसाला याचं मोल कळेल. शाखेतल्या एका तरुण ऑफिसरने, अर्थातच, आंग्र्यांची गुराब सांगितली आणि 'यात विचार कसला करायचा?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

तिन्ही प्रस्ताव मी टेबलावर मांडले आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'व्हिक्टरी' पुष्कळ होती, अवघड नव्हती. पुष्कळ आणि अवघड यात फरक असतो. मार्चअखेर पुष्कळ असते. रात्रीचे नऊ वाजतात, चहाचे कप मोजता येत नाहीत, पण कुठला आकडा कुठल्या रकान्यात टाकायचा हे शिपायालाही ठाऊक असतं. 'व्हिक्टरी' म्हणजे जहाजातला ओव्हरटाइम. खरं अवघड ते, ज्याचा रकानाच फॉर्मवर छापलेला नसतो.

असा बिनरकान्याचा अर्जदार मला वर्तमानपत्रात भेटला. १४ जानेवारी २०२६, संक्रांत. तिकडे येवल्याच्या गच्च्यांवर पतंगांची काटाकाटी चालली होती, आणि त्याच दिवशी आपल्या नौदलाचं 'कौंडिण्य' हे जहाज मस्कतला पोचलं. पोरबंदरहून २९ डिसेंबरला निघालं होतं. इंजिन नाही, नुसती शिडं. आणि त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवलेल्या आहेत. होय, शिवलेल्या! गोधडी शिवावी तसं जहाज. वर राळ लावून फटी बुजवायच्या.

पण मला हलवलं ते पुढच्या मजकुराने. या जहाजाचा आराखडा कुठेच नव्हता. होतं फक्त अजिंठ्याच्या लेण्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. त्या चित्रावरून मापं काढायची, मद्रासच्या आय.आय.टी.त पाण्यावर चाचण्या करून ती तपासायची, बाबू शंकरन आणि त्यांच्या केरळच्या कारागिरांनी ती गोव्यात शिवायची, असा तो व्यवहार. सप्टेंबर २०२३ मध्ये कणा घातला, मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. अजिंठ्याला तरी समुद्र कुठे आहे? आमच्याहूनही आत. वाघुर नदीच्या काठी बसून कुणा चित्रकाराने भिंतीवर जहाज काढलं आणि दीड हजार वर्षांनी ते मस्कतला लागलं. नाशिकच्या क्लार्कला याहून जास्त तारण काय हवं?

मी प्रस्ताव मंजूर केला. जहाज जेमतेम वीस मीटरचं, १:५० ने ४० सेंटिमीटर. शोकेसवर सहज मावेल. लाकूड सागवानाच्या पट्ट्यांचं, शिडांना येवल्याच्या पतंगांच्या कामट्या. मग शिलाईचा हिशेब मांडला. अर्ध्या सेंटिमीटरला एक भोक म्हटलं तर फळीच्या एका कडेला ८०, दोन्ही कडांना १६०. एका बाजूला बारा, अशा चोवीस फळ्या. एकूण ३८४० भोकं. रोज वीस पाडली तर १९२ दिवस.

"रविवारी एकदाच बसता ना?" सौ.ने विचारलं. "मग १९२ रविवार सांगा." कॉमर्स मी केलं, हिशेब तिला येतो.

कन्येने मोबाइलवर अजिंठ्याचं चित्र काढून बराच वेळ पाहिलं. "बाबा, यात एकच बाजू दिसतेय. पलीकडची बाजू कशी होती?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"मग नौदलाने काय केलं?"

"ठरवलं," मी म्हणालो, आणि म्हटल्यावर मलाच जरा विचारात पडायला झालं. पुस्तिका नसलेल्या कामात शेवटी तेवढंच करायचं असतं. चाळीस पानं धुंडाळूनही जे मिळत नाही ते आपण ठरवायचं, ते पाण्यात सोडायचं आणि तरंगतं का बघायचं. बावीस वर्षांत माझ्या काउंटरवर ही एन्ट्री कधी पडली नव्हती.

बढतीचं सर्क्युलर त्याच आठवड्यात आलं. अर्जाचा प्रिंट घरी आणला आणि नेहमीप्रमाणे नीट वाचला. यंदा आईचे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत, कन्या दहावी पास झाली आहे. तेव्हा कारणांच्या रकान्यात लिहायला काही नाही. घडी घालणार तेवढ्यात दिसलं की कागद चांगला जाड आहे आणि पाठ कोरी आहे. मी पट्टी घेतली. ४० सेंटिमीटर मावेना म्हणून निम्म्या मापाने कणा ओढला, फासळ्या काढल्या, तीन डोलकाठ्या उभ्या केल्या. दिसत होती ती बाजू चित्रावरून काढली आणि दिसत नव्हती ती ठरवून काढली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि कितीतरी दिवसांनी डोकं दुखत होतं.

सौ.ने कागद उचलला, दिव्याखाली धरला आणि हळूच उलटा केला.

"जहाजाची बाजू छान झालीय," ती म्हणाली. "आता ही कधी भरताय? तीस तारखेपर्यंतच मुदत आहे."