१४ एप्रिल २०९१

आमच्या फिल्मची तारीख आधी ठरली, गोष्ट नंतर सुचली. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या विहारात आम्ही जयंतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं जुळवत बसलो होतो. कुणीतरी बोटांवर हिशेब केला, बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, म्हणजे दोनशेवी जयंती २०९१ ला. "तवा आपल्यातलं कोण असणार?" वस्तीतल्या तात्यांनी विचारलं. पावत्यांवर शिक्के मारणारी सातवीतली पोरगी मान वर न करता म्हणाली, "मी असणार की. ऐंशी वर्षांची."

तिचा शिक्का थांबला नाही. मी मात्र तिच्याकडे बघत राहिले. माझी नायिका समोर बसली होती, फक्त केस पांढरे करायचे होते.

मी लग्नं, साखरपुडे, बारशी शूट करते. त्यावर घर चालतं, आणि उरलेल्या पैशांत, उरलेल्या दिवसांत स्वतःच्या छोट्या फिल्म करते. बंद पडलेल्या गिरणीच्या कामगारांवर केली, आईच्या विड्यांवर केली, वसतिगृह सोडून परत आलेल्या एका मुलावर केली. त्या फिल्म मला आजही प्रिय आहेत. पण अशीच एक फिल्म एडिट करताना लक्षात आलं, की माझ्या प्रत्येक फिल्ममध्ये माझ्या माणसांचं कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. कुणी मारलेलं असतं, कुणी काढून टाकलेलं असतं. ही माणसं स्वतः काही करायला उठतात, तोवर माझी फिल्म संपलेली असते.

'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला लागला, तेव्हा मी तो एकाच आठवड्यात तीनदा पाहिला. दिग्दर्शक नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायक जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे त्याच तालुक्यातल्या केमचा. आमच्या जिल्ह्याची धूळ, आमच्या जिल्ह्याची बोली पडद्यावर होती. शेवटी जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या अंगावर येतो. पुढची कितीतरी वर्षं मी फिल्म म्हणजे तो दगड असंच समजत होते. नेम धरायचा आणि मारायचा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जब्या कुठे जातो, हा प्रश्न मनात राहून गेला होता. त्याच फिल्ममध्ये जब्या एका काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, तिची राख आवडत्या शालूवर टाकली की शालू आपली होईल या विश्वासाने. दगडाची चर्चा खूप झाली. मला आता ती चिमणी जास्त महत्त्वाची वाटते. जे अजून नाही ते आणण्यासाठी एक पोरगा साधन शोधत फिरतो आहे. विज्ञानकथेचा नायक याहून वेगळं काय करतो?

विज्ञानकथेचं वेड मला शाळेत लागलं, जयंत नारळीकरांच्या कथा वाचून. त्यांनी आकाश दाखवलं याबद्दल मी कायम ऋणी आहे. त्या आकाशात आमची गल्ली मला कुठे दिसेना, ती तिथे कशी न्यायची हेही कळेना. वाट सापडली ती फार लांबच्या लोकांकडे. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांनी हा प्रश्न कधीच हातात घेतला होता. 'आफ्रोफ्युचरिझम' हा शब्द मार्क डेरी या समीक्षकाने नव्वदच्या दशकात दिला, काम त्याच्या खूप आधीपासून चालू होतं. सन रा हा जॅझ वादक आपण शनीवरून आलो असं सांगायचा, आणि १९७४ च्या 'स्पेस इज द प्लेस'मध्ये तो ओकलंडला यान उतरवून आपल्या लोकांना संगीताच्या जोरावर दुसऱ्या ग्रहावर न्यायला निघतो. ऑक्टेव्हिया बटलरच्या १९७९ च्या 'किंड्रेड'मध्ये आजची काळी बाई गुलामगिरीच्या काळात पुन्हापुन्हा ओढली जाते. बटलरची आई दुसऱ्यांच्या घरी कामाला जायची. हे वाचलं तेव्हा आई माझ्या शेजारी बसून तेंदूची पानं कातरत होती.

ज्यांच्या पूर्वजांची नावं, भाषा, गावं पुसून टाकली, त्यांना मागे वळून बघायला फारसं काही ठेवलेलंच नव्हतं. म्हणून त्यांनी पुढच्या काळावर हक्क सांगितला. आमचीही गत तीच. माझ्या खापरपणजीचं नाव घरात कुणाला ठाऊक नाही. पण खापरपणतीचं नाव ठेवणं माझ्या हातात आहे.

हे सगळं वस्तीत समजावून सांगायची वेळच आली नाही. २०१८ मध्ये 'ब्लॅक पँथर'चं पोस्टर बघून तात्या म्हणाले होते, "आपल्या पँथरवर पिक्चर आला व्हय?" १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या पँथरांकडून नाव घेऊनच. तेव्हा तात्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. नातं जुनंच आहे.

फिल्मच्या वर्गणीचं पहिलं पावतीपुस्तक छापायच्या आधी मी विहाराच्या भिंतीवर 'पुमझी' दाखवली. वानुरी काहिऊ या केनियाच्या दिग्दर्शिकेची २००९ ची वीस-एकवीस मिनिटांची फिल्म. पाण्यासाठी महायुद्ध होऊन गेलंय, बाहेरची जमीन मेलीय, माणसं बंद वसाहतीत राहतात आणि अंगातला घामसुद्धा गाळून पुन्हा पितात. एका मुलीला जिवंत माती सापडते आणि ती एक रोप घेऊन बाहेर पडते. तिचं नाव आशा. एवढं कळल्यावर बायकांनी तिला आपल्यात घेऊनच टाकलं. "आशाताई निघाल्या बघा," कुणीतरी म्हणालं, कारण आमच्याकडे आशाताई म्हणजे पोलिओचे डोस घेऊन दारोदार फिरणारी बाई. उजनीसारखं शंभराहून जास्त टीएमसीचं धरण आमच्याच जिल्ह्यात, आणि सोलापुरात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. पाण्याची मोजदाद करत जगणं कसं असतं, ते या बायकांना कुठल्याही दिग्दर्शकाने शिकवायची गरज नव्हती. आशा शेवटचं पाणी रोपाला घालते, तेव्हा विहारात कुणी खोकलंसुद्धा नाही.

पैशाचा प्रश्न मला वाटला तितका अवघड निघाला नाही. ऑस्कर मिशो हा काळा दिग्दर्शक आपल्या कादंबऱ्या दारोदार विकायचा, आणि १९१९ साली त्याने त्यातल्याच एकीवर पहिली फिल्म काढली. केरळात जॉन अब्राहम यांच्या ओडेसा गटाने गावोगावी फिल्म दाखवून लोकांकडून पैसे जमवले आणि १९८६ ला 'अम्मा अरियान' पूर्ण केला. आमच्याकडे तर जयंतीची वर्गणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. त्याच रीतीने फिल्मसाठी दहा रुपयांपासून पावती फाडली. पावती फाडलेला माणूस शूटिंग बघायला येतो, सल्ला देतो, भांडतो. त्याला फिल्मवर बोलायचा हक्क असतो, आणि तो हक्क तो बजावतो.

फिल्ममध्ये माझी ऐंशी वर्षांची नायिका यानात बसून आकाशात निघते. त्या यानाचं काम मी जयंतीचे देखावे करणाऱ्या मामांकडे दिलं. संसद, सांचीचा स्तूप, चवदार तळं, राजगृह, सगळं त्यांनी थर्माकोल आणि प्लायमध्ये उभं केलेलं. मी इंटरनेटवरची चित्रं नेली होती. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "पहिलं कोण चढणार हाय?" म्हटलं, आजी. ऐंशी वर्षांची. "मग पायरी सहा इंचाची. आन् उजव्या हाताला धरायला दांडा." परदेशातल्या मोठ्या फिल्मांमधली यानं मी डोळे ताणून बघितली होती, त्यातल्या एकाचीही पायरी मला आठवेना. मामांनी सुतळीने उंची मापली, स्वतः गुडघा धरून दोनदा चढून बघितलं, आणि मगच खिळा ठोकला. आमचं यान दिसायला कसं झालं हे बघणाऱ्यांनी ठरवावं. त्यात म्हातारी बाई कुणाचा हात न धरता चढते.

खरी अडचण आली आवाजात. सन राच्या यानासारखं आमचं यानही वाद्यावर चालावं, आणि ते वाद्य हलगी असावं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तात्यांनी ऐकलं आणि पावतीपुस्तक मिटून ठेवलं. "बाबासाहेबांचं ऐकून माझ्या बापानं गावकी सोडली. मेलेली ढोरं ओढायची सोडली, वाजवायचं सोडलं. मार खाल्ला, पण हलगी परत हातात घेतली न्हाई. आन् तू ती आकाशात नेऊन वाजवणार?" हलगी वाजवणारा आमचा मित्र मातंग वस्तीतला. तो शांतपणे म्हणाला, "तात्या, मला वाजवायला आवडतं. दाराबाहेर उभं करून वाजवायला लावतात, ते आवडत नाही." रात्री दीडपर्यंत बसलो. मी कुणाचीच बाजू घेऊ शकले नाही, कारण दोघेही खरं बोलत होते.

मग मी एका यंत्रमागाच्या कारखान्यात गेले. जेवणाच्या सुट्टीत मालकांनी एकच माग चालू ठेवला. धोटा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, त्या खटक्याजवळ माइक धरून मी वीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं. घरी येऊन तो आवाज चौपट संथ केला. खटखट विरून गेली आणि खोल, जड ठोके ऐकू यायला लागले, दोन ठोके आणि मध्ये श्वास घ्यावा तशी जागा. तात्यांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटले. "ही गिरणी हाय आमची," ते म्हणाले. गिरणी बंद पडून त्यांना घरी बसावं लागलं त्याला तीस वर्षं होत आली होती.

यान त्या आवाजावर चालतं. चालवण्याची किल्ली म्हणून आम्ही जकार्डचे पुठ्ठे वापरले. सोलापुरी चादरीचं डिझाईन या पुठ्ठ्यांच्या भोकांत साठवलेलं असतं. भोक असेल तिथे दोरा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. चार्ल्स बॅबेजने एकोणिसाव्या शतकात आपल्या गणनयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना जकार्डच्या मागावरूनच उचलली होती. कॉम्प्युटरचा एक पूर्वज आमच्या गल्लीत अजून चादरी विणतो आहे. तेव्हा आजी पुठ्ठा सरकवते आणि यान उठतं, यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

हलगी मी सोडली नाही. फिल्ममध्ये ती एका संग्रहालयाच्या काचेमागे ठेवली. आजीची पणती काच सरकवते, हलगी काढते आणि वाजवते. तिला छान वाजवता येत नाही. कुणी येऊन ती कुणाची पोरगी हे विचारत नाही, आजीसुद्धा काही सांगत नाही. हा शॉट तात्यांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गणीची आणखी एक पावती फाडली.

फिल्म तयार झाल्यावर शहरातल्या एका सभागृहाने तारीख देऊन आदल्या दिवशी ती काढून घेतली. कारण सांगितलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण पडदा परत विहाराच्या भिंतीवरच आला आणि बायका विड्यांची कामं घेऊन येऊ शकल्या. त्या मांडीवर सूप घेऊनच बसतात. अंधारात पान, तंबाखू, दोरा, सगळं बोटांना माहीत असतं. पडदा उजळला की पंचवीस-तीस जोड हात एकदम दिसतात, गडद झाला की नुसती सळसळ ऐकू येते.

फिल्ममध्ये एक साधा शॉट आहे. २०९१ ची सकाळ. नळ चालू आहे. पणती हात धुते आणि मिरवणुकीचा आवाज ऐकून तशीच बाहेर पळते. कॅमेरा नळावर थांबतो. घागर नाही, रांग नाही, पाणी वाहतं आहे. पाण्याचा प्रश्न संपलेलं गाव मला त्यातून दाखवायचं होतं.

चार सेकंदांत सुपांवरचे हात थांबले. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, नळ बंद कर की!" मग दुसरी, मग तिसरी. माझी आई उठून उभी राहिली होती.

नव्या कटमध्ये तो शॉट मी सहा सेकंदांनी वाढवला आहे. त्या सहा सेकंदांत मिरवणुकीचं संगीत काढून टाकलं आहे, फक्त पाण्याचा आवाज ठेवला आहे. पुढच्या वस्तीत दाखवेन तेव्हा तिथल्या बायकांना बोलायला जागा हवी.