बोट ज्याचं त्याचं: कसालच्या आमच्या मोबाईल मंडळाविषयी



भात लावणीच्या नोंदी टाकल्या तेव्हा तिघा-चौघांनी विचारलं होतं, "तुमचं ते मोबाईलवाल्यांचं मंडळ नेमकं करतं काय? आमच्या गावात सुरू करायचं तर कसं?" दोन दिवस पाऊस धरून आहे, कुणग्यात उतरायला मिळत नाही, म्हणून आज बसून सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो. मंडळ म्हणजे काही नोंदणी केलेली संस्था नाही. नाव नाही, पावती पुस्तक नाही, अध्यक्षही नाही. महिन्यातले दोन रविवार, संध्याकाळी, कुणाच्या तरी पडवीत जमायचं. चहा ज्याची पडवी त्याचा. पंधरा-वीस माणसं असतात, लावणी-कापणीत सहा-सातच. मी निरोप देतो, वही लिहितो आणि भांडण झालं तर मिटवतो. चालवणं म्हणतात ते एवढंच.

सुरुवात २०१७ ची. त्याच्या आदल्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि वाडीत घरटी एक मोठा फोन दिसायला लागला. तिठ्यावर मोबाईल दुरुस्ती करणारा एक मुलगा, एक निवृत्त मास्तर, आणि आम्ही चार-पाच शेतकरी, ज्यांना यंत्रांची पहिल्यापासून आवड. मी पंप आणि पॉवर टिलर खोलून बघणारा माणूस, फोन तरी कसा सोडणार? तेव्हा बोलणं एकच असायचं. कुणाचा कॅमेरा किती मेगापिक्सेल, कुणाचं चार्जिंग किती वॅटचं. मजा यायची, खोटं कशाला सांगू. पण शेतकरी काय दर महिन्याला नवा फोन घेतो? वर्षभरात बोलायचं संपलं आणि माणसं गळत गेली.

मंडळात परत जीव आला तो १५ ऑगस्ट २०२१ नंतर. राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. सातबाऱ्यात सात म्हणजे जमीन कुणाची ते, आणि बारा म्हणजे तिच्यात पीक काय ते. ही बाराची नोंद पूर्वी तलाठी करायचे, ती आता शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून, शेतात उभं राहून, फोटो काढून करायची. नोंद नसेल तर सरकारी केंद्रावर भात घालताना, नुकसानीची मदत मागताना अडचण. पडवीत एकदम गर्दी. सगळ्यांच्या हातात फोन आणि तोंडात एकच वाक्य, "माका काय ह्यातला कळणा नाय, तूच कर बघू."

तिथे आमच्यात पहिलं मोठं भांडण झालं. तरुण पोरांचं म्हणणं, माणशी पन्नास रुपये घेऊ, फोन ठेवून जा म्हणू, दोन दिवसांत सगळ्यांचं करून देऊ. त्यांचं चूक नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना अक्षर दिसत नाही, बोट थरथरतं, वेळ जातो. मास्तरांचं म्हणणं उलट. ते म्हणाले, "यंदा करून द्याल, पुढच्या वर्षी कोण करणार? शिवाय नोंद शेतात उभं राहून करायची आहे. शेत त्यांचं, फोन त्यांचा, आणि करणारे तुम्ही?" दोन बैठका वाद चालला. शेवटी एक नियम ठरला, तोच आजवर टिकलाय: दुसऱ्याच्या फोनला हात लावायचा नाही. बाजूला बसायचं, तोंडाने सांगायचं, पण बोट ज्याचं त्याचं.

नियम बोलायला सोपा, पाळायला कठीण. समोरचा पाच मिनिटं चुकीचं बटण दाबत असतो आणि आपला हात शिवशिवतो. पण त्याचा उपयोग काय झाला ते एका उदाहरणावरून सांगतो.

आमच्या इथल्या एक काकी, सत्तरीच्या. यजमान गेले, वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर दीर-पुतणे धरून आठ नावं. निम्मी मुंबईत. कोकणात हे घरोघरी आहे, नवीन नाही. काकींच्या वहिवाटीत तीस-चाळीस काजी, स्वतः लावलेल्या, वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७ ची कलमं. फोन दर वर्षी कुणाच्या तरी हातात द्यायच्या, तो "झाला गे" म्हणून परत द्यायचा. सातबारा काढून बघितला तर काजूचं नाव नाही, क्षेत्र पड. काजू आहे हे सगळ्या वाडीला माहीत, फक्त कागदाला माहीत नाही.

त्यांना बसवलं. पहिल्या रविवारी फक्त अॅप उघडणं आणि आपलं नाव शोधणं. "माजा नाव गावला!" म्हणून ओरडल्या, तेव्हा सगळे हसले. दुसऱ्या बैठकीत गट नंबर, आपल्या वहिवाटीचं क्षेत्र किती, पीक कुठलं. सामाईक खात्यात प्रत्येकाने आपल्या वहिवाटीपुरतीच नोंद करायची असते, ते समजायलाच एक तास गेला. मग बागेत नातीला घेऊन गेल्या आणि फोटो स्वतः काढला. पुढे बाराला काजू लागलेला बघितला तेव्हा म्हणाल्या, "आता माज्या काजी कागदावर इल्यो." आज त्या दुसऱ्या दोघींना शिकवतात, आणि कुणी त्यांच्या फोनला हात घातला तर हातावर चापट मारतात.

नोंद केली की दोन गोष्टी लगेच बघा. पीक आणि क्षेत्र बरोबर गेलंय का, आणि फोटो वर चढलाय का. रेंज नसली की फोटो अडकून राहतो आणि आपण घरी निर्धास्त. मुदतीची तारीख दर हंगामाला नीट विचारून घ्या, शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका.

आता पिकाचे फोटो. कृषी पदवीधर मंडळी इथे वाचतात, त्यांना हे पटेल. शेतकरी एका पानाचा हललेला फोटो पाठवतो आणि विचारतो, "काय मारू?" आम्ही वहीत पाच गोष्टी लिहून ठेवल्यात. पूर्ण झाड. रोगट फांदी. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू. आकार कळावा म्हणून शेजारी काडेपेटीची काडी. आणि चांगलं पान, तुलनेला. झूम करायचं नाही, जवळ जायचं. अगदी बारीक कीड असेल तर कॅमेऱ्याच्या काचेपुढे दहापटीचं भिंग धरायचं. तुडतुड्याचं पिल्लू, फुलकिडा, सगळं दिसतं. भिंग स्वस्तात मिळतं, त्यासाठी महागडा फोन नको.

फोटोवरून रोग ओळखणारी अॅपं आहेत, आम्ही वापरून बघतो. पण एकाने काजूच्या नव्या पालवीचा फोटो टाकला, अॅपने करपा सांगितला, बुरशीनाशक लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बागेत गेलो तर कोवळ्या फांदीवर ढेकण्या बसलेला. तो रस शोषतो, तिथे काळे चट्टे पडतात, शेंडा वाळतो, मागून बुरशी येते. फोटोत चट्टे होते, ढेकण्या नव्हता. जे फोटोत नाही ते अॅपला कसं कळणार? म्हणून नियम केला, अॅपने काहीही सांगितलं तरी सकाळी एकदा झाडाखाली उभं राहून बघायचं, मग वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नाहीतर सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारायचं. किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तिकडे फोन करतानाही वरच्या पाच गोष्टी बघितलेल्या असल्या की उत्तर नेमकं मिळतं.

हवामानाचं म्हणाल तर मेघदूत अॅपवर मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या जिल्ह्याचा सल्ला येतो. फवारणीआधी तो वाचणं आमच्याकडे सवयीचं झालंय. विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी. वळवाच्या दिवसांत आणि भात कापणीला ते फार उपयोगी. रेंज नसेल तर जुना हिशेब: वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा, तीनाने भागा, तेवढे किलोमीटर लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर विळा ठेवून पक्क्या घरात. झाडाखाली नाही.

आंबा-काजूचा विमा हवामानावर आधारित असतो. पाऊस किंवा तापमान मोजलं जातं ते महसूल मंडळातल्या केंद्रावर, आपल्या बागेत नाही. म्हणून आमच्यातले चौघे घरी पाऊस मोजतात. सरळ कडेचा डबा, आत पट्टी, रोज सकाळी एकाच वेळेला फोटो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. या फोटोंवर विमा मिळत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण केंद्राचा आकडा आणि आपला आकडा यात किती फरक पडतो ते कळतं आणि बोलताना हातात काहीतरी असतं.

१६ मे २०२१ च्या तौक्ते वादळाने एक धडा दिला. जिल्ह्यात अनेक गावांत वीज कित्येक दिवस नव्हती, टॉवर बंद. बॅटरी संपली की हजारोंचा फोन म्हणजे नुसती काच. तेव्हापासून मे महिन्याच्या पहिल्या बैठकीत आम्ही तपासतो: पॉवर बँक भरलेली आहे का, घरात एक बटणाचा फोन आहे का, आणि महत्त्वाचे नंबर कागदावर लिहिलेत का. कागद हसण्यावारी नेऊ नका, बंद फोनातला नंबर कुणालाच वाचता येत नाही. आणि हो, भिजलेला फोन तांदळात घालू नका. आम्ही भात पिकवणारे, तरी सांगतो. तांदळाची पूड भोकात जाते, दुसरं काही होत नाही. बंद करा, पुसा, भोक खाली करून पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

फसवणुकीबद्दल एकच. सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाईल आली तर उघडायची नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन. आणि इथेही तोच नियम. जो आपला फोन स्वतः हाताळतो तो ओटीपी सहज दुसऱ्याला सांगत नाही. ज्याला फोन दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय, त्याला ओटीपी देतानाही काही वाटत नाही.

मास्तरांनी एकदा वारणेची गोष्ट सांगितली. कोल्हापूरकडे वारणानगरला १९९८ मध्ये सत्तर गावांत संगणक बसवले, गाजलेला प्रकल्प. उसाचं वजन, पैसे, खताची परवानगी गावात कळावी म्हणून. पुढे काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी बघितलं तर त्या संगणकाकडून शेतकऱ्याला हव्या होत्या दोन-चारच गोष्टी. मग सात गावांत संगणकाऐवजी साधा एसएमएस वापरून बघितला. काम झालं, तेही खूप कमी खर्चात. म्हणजे यंत्र किती मोठं याला महत्त्व नाही. शेतकऱ्याला प्रश्न कुठला आहे ते आधी कळलं पाहिजे. तेव्हापासून बैठकीला येताना प्रत्येकाने शेतातला एक प्रश्न आणायचा असं ठरलं. नवीन फोन आणला तरी चालतो, पण प्रश्न आधी.

आमचं सगळं छान चाललंय असं नाही. बायका दुपारच्या वेळेला येऊ शकतात, पुरुष संध्याकाळी, त्याचा मेळ अजून बसत नाही. काहींना वाटतं आम्ही उगाच कडक आहोत. एक गृहस्थ तोंडावर म्हणाले, "पन्नास रुपये घ्या आणि करून टाका, तुमची शाळा नको." त्यांचंही खरं आहे. ज्याला खरंच दिसत नाही त्याच्यासाठी मुलगा, सून, नात बाजूला बसते, पण घरचंच माणूस.

तरी मी नियम सोडत नाही, त्याला कारण आहे. तिठ्यावरचा तो दुरुस्तीवाला मुलगा, आमच्यातला सगळ्यात हुशार, या जानेवारीत नोकरीला गोव्यात गेला. आपल्याकडची पोरं जाणारच, त्यांना अडवून चालत नाही. सगळ्यांचे फोन त्याच्या एकट्याच्या हातात असते तर त्याच दिवशी मंडळ बंद झालं असतं. तो गेला, चुकल्यासारखं झालं, पण पुढच्या रविवारी बैठक भरली.

आता चतुर्थी येते. चाकरमानी येतील, सातबाऱ्यावरची सगळी नावं वर्षातून एकदाच एका माटवीखाली बसतील. आरती झाली की अर्धा तास काढा. सातबारा उघडून सगळ्यांना दाखवा, कुणाच्या वहिवाटीत काय आहे ते मोकळेपणी बोला आणि आईच्या फोनवर आईच्याच बोटाने तिची नोंद करून घ्या. तुम्ही बाजूला बसा.

तुमच्या गावात असं काही चालत असेल तर कसं चालतं ते जरूर कळवा. पाऊस थांबला की बेणणीला लागायचंय.