दोन मिनिटांचं अंतर

केप एपिक ही सायकलची शर्यत एकट्याने करता येत नाही. जोडी लागते. नाव नोंदवायचं जोडीने, सकाळी निघायचं जोडीने आणि दिवसाच्या शेवटी पोचायचंही जोडीनेच. आणि ही जोडी नुसती कागदावरची नव्हे बरं का! वाटेत दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये असा नियम आहे. ठरावीक ठिकाणी ते तपासतात. अंतर जास्त निघालं की जोडीच्या वेळेत एक तासाची भर. दिवसाची वेळ धरतात ती मागून पोचणाऱ्याची. म्हणजे पुढच्याने कितीही जीव काढला तरी उपयोग शून्य.

हे सगळं मला आमच्या जावयांनी २०१९ साली, केपटाउनमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटताना समजावून सांगितलं (पोळ्या मी लाटत होते, ते भाजत होते). दोन महिने लेकीकडे राहायला गेले होते मी. नातेवाइकांपैकी बऱ्याच जणांना पुढचा प्रकार फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळला, आणि त्यात भरपूर भर पडून तो माझ्याकडे परत आला. "जावई दरीत कोसळले म्हणे?" नाही हो, दरीत कोणीही कोसळलं नाही. म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आधी थोडी शर्यतीची ओळख. केव्हिन व्हर्माक नावाचा दक्षिण आफ्रिकेचा माणूस २००२ मध्ये कोस्टा रिकातली एक डोंगरी सायकल शर्यत करून आला, आणि असं काहीतरी आपल्या मुलखात हवं म्हणून त्याने २००४ मध्ये ही सुरू केली. आठ दिवस चालते. पहिला दिवस छोटा, मग सात मोठे टप्पे. मार्ग दर वर्षी बदलतो. २०१९ मध्ये तो सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास होता, आणि सगळ्या दिवसांचे चढ एकावर एक ठेवले तर साडेसोळा हजार मीटरच्या वर जात होते. आकडा ऐकून माझ्या डोळ्यांसमोर काही येईना. मग हिशोब केला. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून कळसूबाईच्या माथ्यावर जायचं, आणि असं आठ दिवसांत दहा वेळा! तेही डांबरी रस्त्याने नाही. दगडगोटे, वाळू, द्राक्षांच्या मळ्यांमधल्या आणि सफरचंदाच्या बागांमधल्या कच्च्या वाटा, आणि डोंगराच्या कडेने एकच सायकल जाईल एवढीशी पाऊलवाट.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे मला त्यातलं भलतंच काहीतरी आवडतं. त्या डोंगरात गान्टाऊ नावाची एक जुनी खिंड आहे. मुळात हरणांची वाट, मग खोई लोकांची, मग गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बैलगाड्यांची. १८३० मध्ये शेजारून नवा घाट झाला आणि ही खिंड ओस पडली, पण बैलगाड्यांच्या चाकांनी खडकात पाडलेल्या चाकोऱ्या अजून तशाच आहेत. काही वर्षी शर्यतीची वाट या खिंडीतून नेली, तेव्हा चाकोऱ्या जपायच्या म्हणून सगळ्यांना उतरून सायकल घेऊन चालायला लावलं. जगज्जेता असला तरी तो उतरणार! नाणेघाटात उभं राहिलं की वाटतं तसंच काहीसं मला हे ऐकून वाटलं. असो.

तर, ही शर्यत करणं हे जावयांचं कितीतरी वर्षांचं वेड. त्यांचा जोडीदार ऑफिसातला एक मित्र होता. त्याला ऐन वेळी दुसऱ्या देशात बदली मिळाली, आणि जोडी मोडली. लेक सायकल चालवायची, पण रविवारची, हौसेची. ती म्हणाली, "मी येते." तिला स्वतःला ही शर्यत करायची अजिबात इच्छा नव्हती. मला तसं स्पष्ट म्हणाली होती, "आई, आठ दिवस चिखलमातीत लोळायची मला काय हौस?" पण त्याचं हुकू नये म्हणून उतरली. वर्षभर पहाटे चारला उठून दोघांनी सराव केला. आणि त्या वर्षभरात एक गोष्ट लक्षात आली, जी दोघांनाही अपेक्षित नव्हती. चढावर लेक जास्त दमदार निघाली.

उतारावर आणि सपाटीला जावई पुढे. त्यांच्या मागे राहिलं की वारा लागत नाही, म्हणून सपाटीला ती त्यांच्या चाकाला चाक लावून जायची. त्यात कोणाला काही वाटायचं नाही. पण चढ आला की उलटं व्हायचं. आणि या शर्यतीत चढाला तोटा नाही.

आता इथे मला जे सांगायचं आहे ते येतं. सगळ्यांना वाटतं, जोडीत कष्ट असतात ते थांबणाऱ्याला. अंगात जोर आहे, पाय शिवशिवताहेत, आणि मागच्यासाठी वेग मारायचा. ते अवघड आहेच. पण मला तिथे आठवडाभर राहून दिसलं ते असं, की ज्याच्यासाठी थांबलं जातं त्याचं काम जास्त कठीण. पुढचा माणूस वळून बघतो ना, ते बघणं सोसावं लागतं. "सावकाश ये" हे दोन शब्द माणसाला किती लागू शकतात हे मी जावयांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

लेकीने त्यावर युक्ती काढली होती. ती वळून बघायचीच नाही. चढाच्या मध्यावर उतरायची आणि म्हणायची, "चेन आवाज करतेय." मग सायकलजवळ वाकून बसायची, तोवर ते येऊन दम खायचे. पहिल्या दिवशी केपटाउनच्या विद्यापीठापासून टेबल माउंटनच्या अंगाखांद्यावरून वीस किलोमीटर झाले, त्यात चेन एकदा वाजली. हर्मानसच्या मोठ्या टप्प्यात चार वेळा. जावयांना ही चेन पक्की ठाऊक होती. सायकली तर रोज रात्री तेच पुसत, तेच तेल घालत! पण एका शब्दाने बोलले नाहीत.

हे मला ओळखीचं वाटलं. आमचे हे आयुष्यभर चालताना माझ्यापुढे दहा पावलं. लग्नानंतर पहिल्यांदा पर्वतीवर गेलो तेव्हा वर पोचून वाट बघत बसले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून मी पुढे असते, आणि कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या कुंपणाशी थांबून जाईच्या कळ्या बघते. जाईला बहर नसतो तेव्हाही बघते. हे येतात, म्हणतात, "झालं का बघून?" आणि आम्ही पुढे निघतो.

तिसऱ्या मोठ्या टप्प्याच्या आदल्या रात्री जावयांचं पोट बिघडलं. मुक्काम ग्राबाऊजवळच्या ओक व्हॅलीत होता. बाजूला सफरचंदाच्या बागा, तोडणीचा मोसम, आणि हिरवळीवर शेकडो छोटे लाल तंबू ओळीने. आमच्या शाळेच्या स्काउट शिबिराची आठवण यावी, फक्त इथली मुलं चाळिशी-पन्नाशीची, आणि संध्याकाळी सगळी लंगडत चालणारी. मी जवळच एका घरगुती लॉजवर होते. रात्री साखरमिठाचं पाणी करून नेलं. सकाळी ते म्हणाले, "बरा आहे." नव्हते.

त्या दिवशी ते कसे पोचले ते त्यांनाच माहीत. वाटेतल्या ठाण्यांवर केळी, संत्री, मीठ लावलेले उकडलेले बटाटे ठेवतात. त्यांच्या पोटात काही ठरेना. चढावर लेक त्यांच्या बाजूने सायकल चालवत त्यांच्या पाठीला हात लावून ढकलत होती. मोठमोठे खेळाडूही आपल्या जोडीदाराला तसं ढकलतात, त्यात कमीपणा नाही. पण ढकलणारी बायको आणि बघणारे शंभर जण. टप्प्याला वेळेची मर्यादा असते, ती संपायला थोडाच अवधी असताना दोघं रेषेवर आली, दोघांत सायकलभर अंतर. मी पलीकडे उभी होते. जावई उतरले, सायकल तशीच सोडून दिली आणि गवतावर आडवे झाले. लेक म्हणाली, "उद्या सावकाश जाऊ." त्यांनी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उभं राहवेना. शर्यतीच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं.

नियम असा की एकाने सोडलं तर दुसऱ्याला पुढे जाता येतं. पण वेगळी पाटी लावून, आणि जोड्यांच्या निकालात नाव नाही. लेक ताबडतोब म्हणाली, "मीही थांबते." साहजिकच होतं. ती आलीच होती त्यांच्यासाठी. माझ्याही मनात आलं, बरं झालं, सुटली पोर. तेव्हा जावई उठून बसले आणि म्हणाले, "तू जा."

ती म्हणाली, "कशाला? तुझी शर्यत आहे ही."

"होती. आता तुझी आहे. चढ तुला आवडतात. मला ठाऊक आहे."

लेक रागावली. खरोखर रागावली, तोंड लाल करून. मला तो राग तेव्हा कळला नाही. नंतर तीच म्हणाली, "आई, वर्षभर मी ते लपवत होते गं." चढ आवडतात हे! नवऱ्याचं स्वप्न, आपण केवळ सोबतीला, असं स्वतःलाही सांगत होती. आणि ज्याच्यापासून लपवलं त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

ती गेली. एकटी.

उरलेले चार दिवस मी आणि जावई गाडीतून तिच्या मागे फिरलो. पहिल्या दिवशी ते गाडीत निजूनच होते. दुसऱ्या दिवशी, ती स्टेलनबॉशच्या वाटेवर असताना, बोलायला लागले. मला क्रिस्टोफ साउझरची गोष्ट सांगितली. साउझर स्वित्झर्लंडचा, पाच वेळा ही शर्यत जिंकलेला. २०११ आणि २०१२ मध्ये त्याचा जोडीदार होता बरी स्टँडर, दक्षिण आफ्रिकेचाच पोरगा, साउझरपेक्षा कितीतरी लहान. लंडन ऑलिंपिकमध्ये पाचवा आलेला. जानेवारी २०१३ मध्ये सराव करत असताना टॅक्सीची धडक बसून तो गेला. पंचविशीचा होता. शर्यत मार्चमध्ये. साउझर उतरला, लंडनला सुवर्णपदक मिळवलेल्या यारोस्लाव कुल्हावीला जोडीला घेऊन, आणि जिंकला.

"त्याला काय वाटलं असेल हो, वळून बघताना?" मी विचारलं.

जावई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला त्याचं नाही, कुल्हावीचं आश्चर्य वाटतं. दुसऱ्याच्या जागेवर बसून आठ दिवस जायचं."

त्या दिवसापासून ते प्रत्येक ठाण्यावर, जिथे प्रेक्षकांना जाऊ देत तिथे, तिच्या आधी जाऊन उभे राहायचे. ती आली की हाक मारायचे नाहीत. नुसते दिसतील असे उभे. एकदा मी "सावकाश जा गं!" असं ओरडणार होते, तर त्यांनी माझा हात धरला.

शेवटच्या दिवशी पार्लजवळ शर्यत संपली. पुरुषांत नीनो शूर्टर आणि लार्स फोर्स्टर जिंकले, बायकांत आनिका लँगव्हाड आणि आना व्हान डर ब्रेखन. त्यांचा जल्लोष संपून कितीतरी वेळाने लेक आली. चेहऱ्यावर मातीचा थर, त्यात घामाचे ओघळ. मला मिठी मारली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "चेन आवाज करतेय." त्यांनी खाली वाकून पाहिलं. या वेळी ती खरंच करत होती.

पुढे पुन्हा करणार का, हे मी दोघांनाही विचारलेलं नाही. विचारलं की मला यावं लागेल, आणि यांचे गुडघे विमानात फार आखडतात. मागच्या आठवड्यात फोन केला तेव्हा लेक म्हणाली, "तो गॅरेजमध्ये आहे, दोन्ही सायकली उलट्या करून बसलाय. तासाभराने कर."