उंबरा पाहिला का?

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, त्यामुळे महिनाभर संगणकाला हात लावायची बंदी होती. तर मंडळी, आजचा विषय जरा चमत्कारिक आहे: जुन्या इंग्रजी स्पोर्ट्स कारच्या दारावरची काचेची चौकट. मी स्वतः जन्मभर सायकल आणि नंतर लुना यापलीकडे गेलो नाही, तेव्हा हसू नका.

माझा पुतण्या इंग्लंडात ऑक्सफर्डजवळ असतो. त्याने एक जुनी एमजीबी घेतली. दोन माणसांची, कापडी टपाची गाडी. १९६२ ते १९८० या काळात तिथून जवळच अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात पक्क्या टपाच्या धरून पाच लाखांवर एमजीबी झाल्या. तिच्या आधीच्या एमजीएच्या उघड्या गाडीला वरखाली होणाऱ्या काचाच नव्हत्या. पाऊस आला की बाजूचे पडदे दारात खोचायचे. आमच्या हरसूलच्या जीपगाड्यांना ताडपत्रीचे पडदे असत, त्यातलाच प्रकार. एमजीबीला हँडल फिरवून वर येणारी काच मिळाली आणि काचेबरोबर चौकटीचा ताप आला.

दाराच्या पुढच्या कोपऱ्यात एक तिकोनी काच असते, तिला चकचकीत चौकट. या चौकटीची मागची उभी पट्टी हीच मोठ्या काचेची पुढची खाच. चौकट जराशी कलली की काच अडकते, आणि समोरच्या काचेच्या खांबाशी रबर नीट टेकत नाही. मग पाणी थेट मांडीवर. चौकट दारात बोल्टांनी बसवलेली असते आणि तिच्याखाली पातळ चकत्या सारून ती उचलता किंवा कलवता येते. पुतण्याने सहा शनिवार हेच केले. वरच्या टोकाला चौकट खांबावर घासायची आणि दाराच्या मागच्या फटीतही तेच, वर नखभर जागा तर खाली बोट जाईल एवढी. शेवटी तो चौकट कानशीने घासायला निघाला होता.

हे सगळे तो मला फोनवर सांगायचा. खरे तर त्याने हे त्याच्या वडिलांना सांगायला हवे होते. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, हरसूलला आयुष्यभर सुतारकी केली. त्याच्याच पैशावर मी नाशिकला एच.पी.टी. कॉलेजातून बी.ए. झालो. पण वहिनी गेल्या तेव्हा पुतण्या वेळेत पोचू शकला नाही. त्याविषयी बाप-लेक कधी बोलले नाहीत, आणि हळूहळू दुसऱ्या कशाविषयीही बोलेनासे झाले. खुशालीचे निरोप माझ्यामार्फत जायचे. चार वर्षे मी हे टपालखाते चालवले.

कानशीचे ऐकल्यावर मात्र मी फोनवरचे फोटो घेऊन सरळ दादापुढे बसलो. त्याने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, "याला विचार, उंबरा पाह्यला का?"

हरसूलचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. जून ते सप्टेंबर घरे भिजत राहतात. उंबरा कुजून खचला की चौकटीचे खांब हलतात आणि दार वर अडू लागते. कच्चा सुतार दाराला रंधा मारतो. उन्हाळ्यात लाकूड आकसले की त्याच दाराला ही मोठी फट! दादा अशा सुतारांविषयी जे बोलतो ते इथे लिहिण्यासारखे नाही.

मोटारीला कसला उंबरा, असे मला वाटले. पण पुतण्या फोनवर एकदम गप्प झाला. या गाडीला वेगळी चासी नाही. दाराखाली दोन्ही बाजूंना पोलादी पत्र्याच्या पोकळ पेट्या असतात आणि गाडीची बरीचशी ताकद त्यांत असते. त्या गंजतात. कापून नव्या बसवायच्या तर आधी दाराच्या पोकळीत आडवा दांडा वेल्ड करून आधार द्यावा लागतो. नाहीतर गाडी मधोमध खचते आणि दाराचे पुढचे-मागचे खांब वरून एकमेकांकडे झुकतात. आधीच्या मालकाने उजवी पेटी कुठल्याशा गॅरेजात बदलून घेतली होती.

मी फोन दादाच्या हातात दिला.

"दुसऱ्या दाराशी ताड," तो म्हणाला. "दोरी घे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, दोन्हीकडं."

कर्ण मोजायला सांगत होता! गणिताचे मास्तर रजेवर गेले की मी वर्गात फळ्यावर आयताचे कर्ण समान असतात हे शिकवायचो. चौथीत शाळा सोडलेला दादा तेच दोरीने करत आला आहे. गाडीचे दार काही आयत नाही, म्हणून त्याने डाव्याशी ताडायला सांगितले. फरक जवळजवळ एक सेंटिमीटर निघाला.

पुढचे काम हिवाळाभर चालले. आधार दिला, पेटी पुन्हा कापली, खालून जॅक लावून फट सारखी केली आणि मगच वेल्डिंग. नंतर बिजागऱ्या, मग समोरच्या काचेचा खांब आणि सगळ्यात शेवटी चौकट. दादाने सांगितल्याप्रमाणे रबर आणि चौकटीच्या मध्ये कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि ओढून पाहायचे. सहज सुटली तर तिथे पाणी येणार. दोन ठिकाणी सुटली. चकत्या बदलल्या आणि पुन्हा कागद. मार्चमध्ये त्याने गाडीवर पाण्याचा पाइप सोडून आत बसल्याचा व्हिडिओ पाठवला. दादाने तो पाहून एवढेच विचारले, "डाव्या अंगाचं काय?"

सध्या डाव्या दाराचे काम निघाले आहे. रविवारी दुपारी फोन येतो तो आता परस्पर दादाच्या मोबाइलवर. तासभर बोलणे चालते. मी समोर बसून पेपर वाचतो. परवा फोन ठेवल्यावर दादाने विचारले, ऐंशी ओलांडलेल्या माणसाला पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात. चौकशी करतो म्हणालो.